खुणेतलं नाव

ठाणेदारांनी तिसऱ्यांदा ओरडून विचारलं, तेव्हा रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानंसुद्धा मान वळवली. लहानू मात्र टेबलापुढे शांत उभा होता. आवाज चढवला की जन्माचा बहिरा ऐकायला लागतो, अशी ठाणेदारांची समजूत असावी.

"बाई, आता तुमीच विचारा," ते घाम पुसत म्हणाले. "दिवाणजीच्या डोक्यात हंडा कोनं घातला, येवढंच पायजे मले. हा दुकानाच्या मागच्या पडवीत भांडे पॉलिश करून राहिला होता. यानं नाही पाहिलं तं कोनं पाहिलं?"

गोपिका पुढे सरकली. इतवारीतल्या शाळेत ती मास्तरीण होती, पण मुक्याबहिऱ्या शिंप्याची लेक. तोंडानं बोलण्याआधी हातांनी बोलायला शिकलेली. गावातल्या बहिऱ्या माणसांचं दवाखान्यात अडो, रेशनच्या दुकानात अडो की सोयरिकीत, निरोप तिलाच यायचा. दर रविवारी ती सगळी सक्करदऱ्याच्या तलावाकाठी जमायची. तिथं ज्याला त्याला खुणेचं एक नाव मिळे आणि ते जन्मभर पुरे. गोपिकेचं नाव होतं कानामागे धरलेला हात. ती पाळण्यात असतानाच बापाच्या दोस्तांनी ते ठेवलं होतं.

तिनं हातांनी विचारलं, कोण होतं?

लहानूचा चेहरा उजळला. दोन दिवस तो या प्रश्नाचीच वाट बघत होता. कोठडीत घातलाय तो धोंडबा हमाल मारणारा नव्हे, त्यानं भराभर सांगितलं. धोंडबा मागून आला, पडलेल्या दिवाणजीला उचलायला धावला, म्हणून त्याच्या कपड्यांना रक्त लागलं. त्याला सोडा. त्याची आई बाहेर पायरीवर बसली आहे, तिला आधी सांगा.

मग त्याचे हात थांबले. त्यानं गोपिकेकडे अशा काही मायेनं पाहिलं की तिला भीती वाटली. उजव्या हाताच्या तर्जनीनं त्यानं आपली डावी भिवई मधोमध कापली.

तुटकी भिवई. लहानपणी कृष्णकांत तलावाच्या पायऱ्यांवर पडला होता आणि त्याची भिवई फुटली होती. हे नाव त्याला लहानूनंच दिलं होतं. कृष्णकांत, तिचा धाकटा भाऊ. परवा संध्याकाळी तो न्हाणीत बसून स्वतःचा सदरा धूत होता. कधी नव्हे ते! आणि तिनं एका शब्दानं विचारलं नव्हतं. आता दिवाणजी गेला होता, म्हणजे कृष्णकांतला फाशीच.

माफ कर, लहानूचे हात म्हणाले, पण खरं तेच सांग.

"भिवईचं काय म्हणते थो?"

"घाम," गोपिका म्हणाली. "घाम डोळ्यांत जाऊन राहिला होता म्हणते. पाठमोरा माणूस दिसला फक्त. तोंड नाही दिसलं."

"आन् धोंडबा?"

इथं तरी खरं सांगता आलं असतं. धोंडबा नव्हता, एवढंच. पण धोंडबा सुटला की हे दुसरा माणूस शोधणार, हे तिच्या मनात इतकं लख्ख आलं की तिला स्वतःची शिसारी आली.

"अंगानं धोंडबासारखाच होता म्हणते," ती म्हणाली.

ठाणेदारांनी समाधानानं मान डोलावली आणि कागद पुढे सरकवला. लहानूनं गोपिकेला विचारलं, सांगितलंस? तिनं होकारार्थी मान हलवली. त्यानं निर्धास्तपणे अंगठा उठवला, शाई डोक्याच्या केसांना पुसली आणि तो लगबगीनं व्हरांड्यात गेला.

धोंडबाची आई, पार्वतीबाई, फडक्यात भाकर बांधून बसली होती. लहानूनं हवेत किल्ली फिरवली, दार उघडलं, दोन्ही हात पसरले. ही खूण कुणालाही कळली असती. म्हातारी गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि भाकर छातीशी धरून कोठडीकडे निघाली.

"कुठं चालली वं बुढे?" शिपायानं तिला अडवलं. "त्याले उद्या कोर्टात नेऊन राहिले. भाकर आन इकडं."

शिपाई काय बोलला ते लहानूला ऐकू आलं नाही. पण म्हातारी मटकन खाली बसली, ते त्यानं पाहिलं. बंद कोठडीकडे पाहिलं, शिपायाच्या तोंडाकडे पाहिलं. मग तो वळला आणि दारात येऊन उभा राहिला.

गोपिका खुर्चीतून हलली नव्हती. काहीतरी सांगावं म्हणून तिनं हात उचलू पाहिले, पण ते मांडीवरून उठेनात.

लहानूनं कानामागे हात धरला. तिचं नाव. मग तोच हात त्यानं खाली आणला आणि ओला असल्यासारखा झटकला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शेवटी त्यानं तर्जनीनं भिवई कापली आणि दोन बोटांनी खांद्यावरून वेणी खाली सोडली. तुटक्या भिवईची बहीण.

येत्या रविवारी हीच खूण तलावाकाठी हातोहात फिरणार होती, हे गोपिकेला कळलं.

"आता काय म्हणून राहिला थो, बाई?" ठाणेदारांनी विचारलं.

"नाव सांगून राहिला."

ठाणेदारांनी घाईघाईनं पेन उघडलं. "कोनाचं?"

"माझं," गोपिका म्हणाली.