नकाशातला जादा पूल

"एकही तक्रार नाही?" ऑफिसच्या मुख्य बाईंनी विचारलं.

"एकही नाही," शंकासुर म्हणाला. नकाशांची तपासणी त्याच्याकडे होती. तो आरशातल्या स्वतःलाही दोनदा तपासायचा, म्हणून हे नाव. "जिथे पूल नाही तिथे आपण लोकांना नदीवर गाडी घालायला सांगितली. बुडालेला माणूस तक्रार कशी करणार?"

रेघोटीचं तोंड एवढंसं झालं. ही कंपनी गाड्यांना वाट दाखवणारे नकाशे बनवायची आणि त्यावरच्या रेघा ती आखायची. नव्या अपडेटच्या वेळी तिचा हात घसरला होता. काहीतरी जादा पडलं, एवढं तिला जाणवलं. पण तोवर नकाशा घरोघरी पोचला होता. मग शोधाशोध झाली आणि टेकडीखालच्या नदीवर हा पूल सापडला. ऑफिसातल्या कोणीच तो कधी पाहिलेला नव्हता.

"रडतेस काय? आधी दोन घास खा," बाई म्हणाल्या.

"खायला आलंय कुठे? पार्सलवाला टेकडीला गरगर फेऱ्या मारून परत गेला. म्हणाला, असा पत्ताच नाही."

"आजही?" शंकासुर म्हणाला. "अख्ख्या जगाला वाट दाखवतो आणि आपलं दार कोणाला सापडत नाही. दातांच्या डॉक्टरचीच कवळी!"

रेघोटी रडता रडता हसली.

बाई मात्र हसल्या नाहीत. चूक झाली की माफी जागेवर जाऊन, स्वतःच्या तोंडाने मागायची, हा त्यांचा नियम होता. "आम्ही दोघी नदीवर जातो. कोणी बुडालं असेल तर त्याच्या घरच्यांसमोर उभं राहायचं. तू नकाशा पुन्हा पहिल्यापासून तपास. जादा निघेल ते पुसून टाक."

"तुम्हाला न विचारता?"

"न विचारता. कोणाचं आहे, कोणाला लागेल, बघत बसू नकोस. माझं निघालं तरी पूस."

दोघी तीन मजले उतरल्या. भिंतींना ताज्या रंगाचा वास होता आणि पायऱ्यांवर एक ओरखडा नव्हता. बाहेर निळ्या काचांवर ऊन झळाळत होतं. फाटकापुढे गवतच गवत. त्यातूनच वाट काढत त्या टेकडी उतरल्या. शेवटच्या वळणाला रेघोटीनं बाईंचा हात घट्ट धरला.

पूल होता.

काळ्या दगडाचा, रुंद कमानींचा. कमानींच्या सांध्यांत नेचे उगवले होते, कपारींतून कबुतरं ये-जा करत होती. इतक्या हातांनी घासून घासून कठड्याचा दगड लोण्यासारखा झाला होता. खाली नदी घोंगावत होती आणि तिचा थरथराट दगडातून तळव्यांपर्यंत येत होता. देवळात वाकावं तशा बाई वाकल्या आणि त्यांनी दगडाला हात लावला.

"बाई," रेघोटी कुजबुजली, "हे मी केलं?"

पुलाच्या मधोमध एक म्हातारी संत्री विकत बसली होती. "काय गं पोरींनो, पूल कधी पाहिला नाही वाटतं?"

"आजी, हा... कधीपासून आहे?"

"घ्या! माझी सासू ह्याच पुलावरून नवरी होऊन आली. तिची सासूही. नदीच्या आधी पूल होता असं म्हणायची, पण ती थापाडी होती." म्हातारीनं टोपलीतून दोन चांगली संत्री निवडून पदरावर ठेवली. "ही घ्या. दमलेल्या दिसता. कुठून आलात?"

बाईंनी टेकडीकडे बोट दाखवलं.

"तिथून?" म्हातारीनं डोळे बारीक केले. "बरं बाई."

तेवढ्यात एक नर्स स्कूटर दामटत आली. "आजी, बाजूला! पलीकडे बाळंतीण अडलीय!"

तिच्यामागून मुलांनी भरलेली बस पुलावर चढली. रेघोटी पांढरीफटक पडली. "बाई, शंकासुर आता पूल पुसेल! पुसला तर ही सगळी..."

बाईंनी घाईघाईनं फोन लावला. "पुसू नकोस! ऐकतोयस? पूल पुसू नकोस!"

"घाबरू नका," पलीकडून शंकासुराचा आवाज आला, अगदी खुशीत. "पूल खराच आहे. सगळ्यात जुन्या नकाशातसुद्धा सापडला. आपणच आंधळे. रेघोटीला सांगा, पूल तिचा नाही."

नर्स पलीकडच्या काठाला लागली. बस हळूहळू पूल ओलांडून गेली. रेघोटीनं कठड्याला टेकून डोळे मिटले.

"मग जादा काय पडलं होतं?" बाईंनी विचारलं.

"सापडलं तेही. टेकडीवर एक इमारत जादा पडलीय. तीन मजली, निळ्या काचांची. ना तिला रस्ता, ना पत्ता. तुमचा हुकूम म्हणजे हुकूम, विचारत बसलो नाही. ही बघा, पुस..."

नदी घोंगावत होती. कबुतरं कपारीत परतली. म्हातारीनं रिकाम्या पुलावर इकडेतिकडे पाहिलं. मग पदरावरची दोन संत्री कोणासाठी निवडली होती ते आठवेना, तशी तिनं ती परत टोपलीत टाकली.