डावी डिस्क

"ही तर ठणठणीत आहे, काका," कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दुकानदार म्हणाला. "खराब आहे ती दुसरी. तुम्ही चांगली काढलीत आणि चांगलीच पुसून टाकलीत."

काकांनी काउंटरची कड घट्ट धरली. आयुष्यभर शिलाई मशिनं दुरुस्त करणारे हात ते. पुसलेलं परत आणता येतं का, असं त्यांनी विचारलं. दुकानदाराने नकारार्थी मान हलवली. नुसतं डिलीट केलं असतं तर काहीतरी हाती लागलं असतं. काकांनी तर या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी करून टाकली होती. काम चोख करायची खोड अशी अंगाशी आली. आणि खराब डिस्क आतून खरवडून निघाली होती, तिच्याकडून काही मिळणार नव्हतं. दुकानदाराने दोन्ही डिस्क पिशवीत घालून परत दिल्या आणि पैसे घ्यायला नको म्हणाला.

त्या डिस्कवर काकूंचा आवाज होता.

काकू बालवाडीच्या बाई. आवाज असा की त्यांनी गच्चीवरून लेकीला हाक मारली की रस्त्यावरची दुसऱ्यांची पोरंही मुकाट घरी जायची. मग घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज राहणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं आणि जमेल तेवढं रेकॉर्ड करून ठेवा म्हणाले. काकूंनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि आठवडाभर रेकॉर्ड केलं. बालवाडीतली गाणी, लेकीला मारायच्या हाका, आणि काकांच्या वाट्याला नेहमीची बोलणी. गॅस बंद केलात का. अहो, चष्मा कपाळावरच आहे. पण हे सगळं कुठल्याशा परक्या कंपनीकडे ठेवायला त्या तयार होईनात. माझा आवाज माझ्या घरातच राहील, म्हणाल्या.

म्हणून दोघांनी मिळून घरचा सर्व्हर बांधला. सगळं साठवून ठेवणारा छोटा कॉम्प्युटर, बुटाच्या खोक्याएवढा. काकू त्याला डबाच म्हणायच्या. आत दोन डिस्क, शेजारी शेजारी. जे एकीवर तेच दुसरीवर, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहेच. जेवणाच्या टेबलावर काका पुढच्या बाजूने स्क्रू पिळायचे. काकूंची बोटं बारीक, म्हणून त्या समोरच्या खुर्चीत बसून मागच्या वायरी खोचायच्या. डिस्कना नावंही काकूंनीच दिली, त्याच खुर्चीत कीबोर्ड मांडीवर घेऊन : डावी आणि उजवी. ऑपरेशननंतरही अधूनमधून डबा उघडून दोघं धूळ झटकत, आपापल्या खुर्चीत. फरक एवढाच की काकू आता बोलायचं ते पाटीवर लिहीत आणि हाक मारायला टेबलावर बोटाने दोनदा टकटक करत. टकटक म्हणजे 'अहो'.

ते रेकॉर्डिंग काकांनी एकदाही ऐकलं नव्हतं. कधी एकटं राहायची वेळ आलीच तर तेव्हा ऐकू, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आत्ताच ऐकलं तर वापरून संपेल, अशी काहीतरी वेडी भीती त्यांना वाटायची.

काकू लेकीकडे गेल्या आणि डब्याचा लाल दिवा लागला. स्क्रीनवर आलं, डावी डिस्क खराब. ही यायच्या आत उरकून टाकू, उगीच तिच्या जिवाला घोर नको, म्हणून काका एकटेच बसले. डबा बंद केला, डावीकडची डिस्क काढली, तिथे नवी घातली आणि उजवीकडच्या डिस्कवरून कॉपी सुरू केली. जुनी डिस्क पुसल्याशिवाय घराबाहेर जाऊ द्यायची नाही, हा काकूंचाच दंडक. तोही त्यांनी पाळला. पुसणं पूर्ण झालं. कॉपी मात्र रखडत चालली होती, आणि मग डब्यातून खरखर आली. नव्या डिस्कवर जे थोडंफार उतरलं होतं त्यातून एक शब्दही उघडेना. तेव्हा उजवीकडची डिस्कही काढून, दोन्ही पिशवीत घालून काका दुकानात गेले होते.

दुकानातून घरी चालत येताना काकांना आधी रडू आलं आणि मग राग आला. राग बरा वाटला, त्याला धरून चालता येत होतं. स्क्रीनने डावी म्हटलं, आपण डावी काढली. मग चुकलं कोण? नावं कोणी दिली होती?

काकू परत आल्या होत्या. बॅग दारातच होती आणि त्या आपल्या खुर्चीत, उघड्या डब्यासमोर बसल्या होत्या. काकांनी चपलाही काढल्या नाहीत. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. लाल दिवा, पुसलेली डिस्क, दुकानदार. गेला म्हणाले, तुझा आवाज गेला. एवढ्यावर थांबायला हवं होतं.

"साधं डावं-उजवं कळलं नाही तुला," ते म्हणाले. "तुझ्यामुळे गेलं सगळं."

काकूंचे ओठ हलले आणि मिटले. त्यांनी डब्याच्या दोन्ही खणांकडे नीट बघितलं. काकांना वाटलं, आता पाटी घेतील आणि काहीतरी लिहितील.

टेबलावर दोनदा टकटक झाली.

त्या उठल्या. काकांचं मनगट धरून त्यांना टेबलाला वळसा घालून आणलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं. वायरींच्या बाजूला. इतक्या वर्षांत काका त्या खुर्चीत कधी बसले नव्हते. काकूंनी त्यांचा डावा हात उचलला आणि सरळ पुढे डब्यावर ठेवला.

हात पडला तो खराब डिस्कच्या रिकाम्या खणावर.