गास्केट

आंबा घाटात जुन्या गाडीच्या बॉनेटमधून पुन्हा वाफ निघाली आणि शालनने कपाळावर हात मारला. "दोनदा गास्केट बदललंत! इंजिनाचं हेड वाकलंय, ते सपाट करून घ्या, असं मिस्त्री बजावत होते ना?"

"आणखी एक बसवून बघू," तिचा नवरा विश्राम पुटपुटला.

शेवटी तिनेच हेड पोत्यात गुंडाळून स्कूटरवरून वर्कशॉपमध्ये नेलं आणि सपाट करून आणलं.

पुढच्या रविवारी गाडी न तापता घाट चढू लागली. तरी अर्ध्यात विश्रामने ती कडेला घेतली.

"आता काय झालं?" शालन कडाडली.

"काही नाही. इथे इतक्यांदा थांबलो, पण रागाच्या भरात तू दरी कधी बघितलीच नाहीस."

"नसती थेरं!" म्हणत ती उतरली. मग विश्रामने हॉर्न वाजवला, तरी ती कठड्यापासून हलेना.