गेटवरचे सासरे

रांगेत दोघंच होते. पुढे एक माणूस, मागे ती. तिच्या हातात अर्ज होता, मुलाचं नाव शाळेतून काढून घ्यायचा.

"शब्द?" गेटच्या खिडकीतून वॉचमननी विचारलं.

"बाबा, अहो मी आहे," पुढचा माणूस म्हणाला.

"दिसतंय. शब्द?"

नियम सोपा होता. महिन्याच्या सुरुवातीला मुलाने एक गुपित शब्द ठरवायचा, घरच्यांनी तो लक्षात ठेवायचा आणि न्यायला येणाऱ्याने खिडकीत सांगायचा. शब्द बरोबर आला तर मूल बाहेर.

"सकाळी आपण शेजारी बसून चहा प्यायलो. माझी बिस्किटं तुम्ही खाल्लीत."

"खाल्ली. जरा मऊ पडली होती. शब्द?"

तो माणूस मागे वळला. साक्षीला तीच होती. "बघा हो. हे माझे सासरे. आत आहे ती माझी मुलगी, म्हणजे यांची नात. सव्वातीनला तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. वेळ चुकली की पुढचा नंबर दोन महिन्यांनी. आणि हे मला ओळख विचारतायत!"

"ओळख कोण विचारतंय?" वॉचमन म्हणाले. "ओळखीचे आहात म्हणूनच शब्द विचारतोय. अनोळखी माणूस असता तर खिडकीपर्यंत आलाच नसता."

ती हसली नाही. गेल्या तीन आठवड्यांत ती कशालाच हसली नव्हती. नव्या घराचा पत्ता तिला, मुलाला, बहिणीला आणि शाळेला ठाऊक होता. यातली शाळा तिला झोपू देत नव्हती. मुलाचे वडील गोड बोलायचे. त्यांनी गोड बोलून उघडलं नाही असं एकही दार तिला आठवत नव्हतं. म्हणून अर्ज. मूल घरात, दाराला आतून कडी.

"जिराफ," जावई म्हणाला.

"गेल्या महिन्याचा."

"पेंग्विन?"

वॉचमननी वहीत फुली मारली.

"निदान फळ आहे की भाजी, एवढं तरी सांगा. हवं तर घरी गेल्यावर सांगा."

"घरी गेल्यावर तुम्हाला त्याचा काय उपयोग? आणि घरीही सांगणार नाही. आता शब्द विसरल्याचा लेखी अर्ज द्या. मग मी मुलीच्या आईला फोन लावतो."

"तुमच्या मुलीला, म्हणा ना!"

"वहीत 'मुलीची आई' असं लिहिलंय."

जावयाने खिसे चाचपले. कागद नव्हता. तिने स्वतःच्या हातातला पुढे केला. सवयच तशी होती, कुणी अडलं की हातात असेल ते द्यायचं. "मागची बाजू कोरी आहे," ती म्हणाली.

त्याने कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून पेन काढलं, तोच वॉचमनचा पंजा कागदावर पडला.

"याच्या दुसऱ्या बाजूला काहीतरी लिहिलंय."

"काय लिहिलंय?" जावई लगेच कागदाचा कोपरा उचलायला लागला.

पंजा हलला नाही. "मी वाचलेलं नाही. तुम्हीही वाचणार नाही आहात." वॉचमननी कागद न उलटता, कोरी बाजू वरच ठेवून, तिच्याकडे सरकवला. "बाई, जपून ठेवा. कुणाचा पत्ताबित्ता असतो. असा गेटवर द्यायचा नसतो."

पत्ता होता. दुसऱ्याच ओळीत. तिने खिडकीची कड धरली आणि वॉचमन आपल्या वहीतलं कोरं पान फाडून जावयाला देत होते ते बघत राहिली.

अर्ज तीन ओळींचा झाला. वॉचमननी तो दोनदा वाचला, 'विसरलो' खाली रेघ मारली आणि फोन उचलला. जावयाने आपला मोबाइल पुढे केला होता, त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. रजिस्टरमधला नंबर पाहूनच त्यांनी आकडे दाबले.

"नमस्कार. आपण कोण बोलताय?"

"बाबा?" आवाज खिडकीबाहेरपर्यंत आला. "काय झालं? फोन स्पीकरवर आहे, माझे दोन्ही हात पेशंटच्या तोंडात आहेत!"

"असू द्या. तुमचं तोंड मोकळं आहे. पूर्ण नाव सांगा."

मग त्यांनी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला, ऐकलं, वहीत बरोबरची खूण केली आणि माइकवरून मुलीला बोलावलं.

मुलगी पळत आली. "काका, टाटा!"

"आजोबांना काका?" बाप म्हणाला.

"गेटवर ते काका असतात," तिने न चिडता समजावलं.

तो गेटबाहेर स्कूटरपाशी तिच्या हेल्मेटचा पट्टा लावायला वाकला. शिव्या दिल्यासारखं पुटपुटत होता, पण पट्ट्याला.

"तुमचे आभार," खिडकीपाशी उभी असलेली ती त्याला म्हणाली.

"माझे? कशाबद्दल?"

"शब्द विसरलात त्याबद्दल."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. "ऐकलंस? घरी आईला हे जसंच्या तसं सांगायचं."

आणि ती हसली. आवाज इतका मोठा निघाला की तिनेच तोंडावर हात ठेवला.

शाळा सुटल्याची घंटा झाली.

"बोला बाई," वॉचमन म्हणाले. "काय काम होतं?"

तिने अर्जाची घडी केली. घडीची घडी केली. आणखी एक केली आणि तो बसच्या तिकिटाएवढा झाल्यावर पर्समध्ये टाकला.

"काही नाही. मुलाला न्यायला आलेय."

"शब्द?"

ती पुढे झाली आणि तिने तोंड उघडलं.

"हळू," म्हणत वॉचमननी खिडकीतून कान बाहेर काढला. "जावई अजून इथेच आहेत."