किंचित जास्त

लॉकडाउनमागून लॉकडाउन चालू होते आणि डँडेनॉन्गच्या माझ्या, हातांनी मणक्यांवर उपचार करायच्या कायरोप्रॅक्टिक क्लिनिकला फक्त फार त्रास असलेलेच पेशंट घ्यायची मुभा होती. त्यातल्याच एका पेशंटच्या, प्रज्ञेशच्या पाठीत मला काहीच सापडत नव्हतं. मणके मोकळे, स्नायू मऊ. तरी पाठ फार दुखते म्हणत दर महिन्याला हजर. पहिल्यांदा म्हणाला, "जोर नको, डॉक्टर. नुसते हात टेकवा." पुढे दर खेपेला, "किंचित जास्त." मला लक्षण काही ठीक दिसेना. मी रिसेप्शनिस्टला आत बसवायला लागले.

आज तर पालथा झोपून म्हणाला, "कमरेपासून मानेपर्यंत एकेक तळहात पुढे टाकत या. चालल्यासारखं."

मी हात काढून घेतले. "तुमची पाठ ठणठणीत आहे. इथे कशासाठी येता, खरं सांगा."

मास्कमागून आवाज आला. "कामावरून आलो की माझी छोटी मुलगी पाठीवर उभी राहून चालायची. आजीकडे नागपूरला गेली आणि इकडे या देशाची बॉर्डर बंद झाली."

मी हात परत ठेवले.

"अजून थोडा जोर द्या," तो म्हणाला. "आता वजन वाढलं असेल तिचं."