खिडकीजवळची खाट

"उचल तो टॉवेल," सुपरवायझर म्हणाला.

जहागीरदाराचा हात पुढे झाला आणि तिथंच थिजला. समोर आरामखुर्ची, खुर्चीवर निळा टॉवेल, टॉवेलवर कुणी नाही. समुद्राकडच्या पहिल्या रांगेत अशा वीस खुर्च्या. परदेशातल्या या हॉटेलचे पाहुणे उजाडताच येऊन टॉवेल टाकायचे आणि खोलीत जाऊन दहापर्यंत घोरायचे. मागून आलेले पाहुणे उभ्यानं समुद्र बघायचे आणि तक्रारी लिहायचे.

"साहेब, माणूस येईल की त्याचा. जागा धरलीय त्यानं."

"अर्धा तास होऊन गेला. आता जागा कुणाचीच नाही." सुपरवायझर आपल्याच मुलखातला, पण दहा उन्हाळ्यांत हाफ पँटीत मुरलेला. "उद्या एक जरी तक्रार आली ना, तर रविवारच्या विमानात बसवीन तुला."

जहागीरदाराची गोची अशी, की टॉवेल टाकला की जागा आपली, हा त्याचा एकुलता एक धर्म होता. जहागीरदार हे नावही त्यावरूनच पडलेलं. हॉटेलच्या धुलाईघरामागं कामगारांची खोली. माणसं सहा, खाटा चार. किनाऱ्यावर चारशे आरामखुर्च्या रात्रभर साखळीत, कुलूप लावून रिकाम्या. त्या मांडणाऱ्यांनी मात्र खाटा वाटून घ्यायच्या. हे गणित ज्यानं मांडलं, त्याला एकदा तरी त्या फरशीवर झोपवायला हवं. पण वरच्यांना कोण बोलणार? मग खालच्यांनी आपसांत कायदा केला. सकाळी ज्याचा टॉवेल आधी खाटेवर पडेल, त्या रात्री खाट त्याची.

जहागीरदार साडेपाचला उठायचा. दात घासायच्या आधी खिडकीजवळच्या खाटेवर पिवळा टॉवेल पसरायचा. दोन महिने त्या खाटेला दुसऱ्याची पाठ लागली नव्हती. कंबरेचं दुखणं खरं होतं, खोटं नाही. चारशे खुर्च्या वाकून मांडायच्या म्हणजे खेळ नव्हे. बायको फोनवर रोज विचारायची, "झोपायला नीट आहे ना हो?" हा म्हणायचा, "खिडकीजवळची खाट आहे. वारा येतो." तिकडं तिला बरं वाटायचं. परदेशात नवऱ्याची खिडकी आहे.

फरशीवर रोज आबा. भांडी घासायचे, वयानं सगळ्यांत मोठे, दिवसभर उभं राहून पाय खांबासारखे सुजलेले. स्वयंपाकघरातून सगळ्यांत शेवटी सुटायचे, म्हणून सगळ्यांत शेवटी उठायचे. डोळे उघडेपर्यंत चारही खाटांवर टॉवेल. त्यांच्यावर अन्याय कुणीच करत नव्हतं. फक्त सगळे लवकर उठत होते.

तर रविवारचं विमान डोळ्यांपुढं आणून जहागीरदारानं तो निळा टॉवेल उचलला. कुणाच्या कमरेचं धोतर ओढतोय असं वाटलं. दुसरा टॉवेल उचलताना तसं कमी वाटलं. चौथ्या दिवशी चटक लागली. खुर्चीजवळ घड्याळ घेऊन उभा राहायचा, काटा अर्ध्या तासावर आला की घारीसारखी झडप. मग टॉवेलची चौपट घडी, कडेला कड जुळवून, आणि घडीवर हॉटेलचं कार्ड. मजकूर परक्या भाषेत, अर्थ एवढाच: आपली वस्तू अर्ध्या तासाहून जास्त वेळ विनावापर आढळल्यानं हलवली आहे, सुट्टीचा आनंद घ्या. खाली जागा किती वेळ रिकामी होती त्याचा रकाना आणि उचलणाऱ्याची सही.

एक टकला पाहुणा तांबडालाल होऊन भांडायला आला, तर ह्यानं घड्याळ दाखवून त्याच्या हातात कार्ड ठेवलं. टकला गप. आयुष्यात पहिल्यांदा जहागीरदाराच्या सहीपुढं कुणी गप झालं होतं. तक्रारी थांबल्या. सुपरवायझर म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यालाही तूच ये." त्या दिवशी जहागीरदार कार्डांचा अख्खा गठ्ठा जेवणघरात घेऊन बसला आणि आगाऊ सह्या करत सुटला.

"काय जहागीरदार, इनामं वाटतोयस का?" सफाईवाला म्हणाला.

"वाटत नाही, काढून घेतोय. फुकट अडवून ठेवतात लेकाचे. अरे, टॉवेल म्हणजे काय माणूस आहे? जो अंग टाकतो त्याची जागा. पाठीखाली नाही ती खुर्ची कसली तुझी?"

आबा टेबल पुसत आले. फडकं गठ्ठ्यापाशी थांबलं.

"सगळ्यांना लागू आहे का रे हा नियम?"

"नियम म्हणजे नियम, आबा. मालकाच्या आईचा टॉवेल असला तरी उचलीन."

"बरं," आबा म्हणाले, आणि गठ्ठा बाजूला सरकवून खालची जागा पुसली.

दुसऱ्या दिवशी आबांना दुपारनंतर सुट्टी होती. जहागीरदारानं एकवीस टॉवेल उचलले. हंगामातला उच्चांक. संध्याकाळी सातला शेवटची खुर्ची साखळीत घालून तो कंबर धरत, शीळ घालत खोलीवर आला.

खिडकीजवळच्या खाटेवर आबा झोपले होते. सुजलेले पाय उशीवर, तोंड उघडं, वाऱ्यानं पांढरे केस हलतायत. आबा घोरतात हे दोन महिन्यांत पहिल्यांदाच कळत होतं.

जहागीरदार संतापानं पुढं झाला. दोन महिन्यांची वहिवाट होती. खांद्याला धरून उठवणार, तेवढ्यात पायाशी त्याला त्याचा पिवळा टॉवेल दिसला. चौपट घडी, कडेला कड जुळवलेली. घडीवर कार्ड. कार्डावर साबणाच्या बोटाचा डाग, आणि वेळेच्या रकान्यात बॉलपेननं, शाळकरी अक्षरात: नऊ तास.

खाली सही त्याचीच होती.