चौदाव्या पिढीची ज्वारी

मेहरीनने डबा पुन्हा काट्यावर ठेवला. दोन किलो शंभर ग्रॅम. जानेवारीतही एवढाच भरला होता, आणि त्यानंतर तिने त्यातली पाव किलो ज्वारी प्रयोगशाळेत नेली होती.

काटा बिघडलेला नव्हता. तिने तो दोनदा तपासला.

बाहेर ओसरीवर दोन प्राध्यापक भांडत होते. आज प्रा. गहिनीनाथ सोले यांची बाविसावी पुण्यतिथी होती, त्यामुळे भांडण ठरलेलंच होतं. सोले सरांनी जामखेडच्या रानात चौदा हंगाम एकच ज्वारी जेमतेम पाण्यावर वाढवली आणि जाहीर केलं, की बियाणं तहान सोसायला शिकतं आणि शिकलेलं पुढच्या पिढीला देतं. उत्क्रांतीचे नियम आता नव्याने लिहावे लागतील, असंही ते म्हणाले. नियम कोणी लिहिले नाहीत. गावातल्या एका चौकाला मात्र त्यांचं नाव मिळालं.

चौदाव्या पिढीची ज्वारी या पत्र्याच्या डब्यात होती. तिच्यावर प्रयोग करून शिष्य डॉ. आदिनाथ ढाकणे यांनी सर बरोबर असल्याचे अकरा पेपर लिहिले. तिच्यावरच प्रयोग करून विरोधक डॉ. तौसीफ इनामदार यांनी सर चूक असल्याचे नऊ. दरवर्षी पुण्यतिथीला दोघेही यायचे, सरांच्या पत्नीच्या, मुक्ताबाईंच्या हातचं जेवायचे आणि आपापली पिशवी भरून न्यायचे.

"तुमच्या सरांचं खरं असतं," इनामदार सरांचा आवाज आत आला, "तर जामखेडच्या माणसांना आत्तापर्यंत पाणी लागायलाच नको होतं."

"लागतं कुठे? टँकर नुसता लांबून बघतात आणि जगतात!" ढाकणे सर गरजले.

मेहरीन ढाकणे सरांची विद्यार्थिनी. सोमवारी तिला प्रबंध द्यायचा होता. तो तपासणार होते इनामदार सर. दोघांनी मान हलवली तरच केडगावच्या कॉलेजातली कायम नोकरी. सहा वर्षं ती तिथे तासिका तत्त्वावर शिकवत होती आणि दर जूनमध्ये नव्याने अर्ज करत होती. पण जानेवारीत नेलेल्या ज्वारीत तिला एक वाण सापडला होता. तो बाजारात येऊन चारच वर्षं झाली होती.

मुक्ताबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या.

"काकू, या डब्यात तुम्ही ज्वारी घालता?"

"घालते की."

"कुठली?"

"घरात आसंल ती. बाजारातनं आनलेली." त्यांनी भाकरी उलटली. "तुमी समदे मूठ मूठ न्हेता. कर्ता मानूस गेल्यावर त्येचा डबा रिता ठिवायचा आसतो व्हय? आमच्यात न्हाई ठिवत."

"मग सरांची ज्वारी?"

"ती दोन सालातच सरली. हे दोघं लई न्हेत्यात."

"तुम्ही सांगितलं नाही कुणाला?"

"इचारलं कुनी? एवढी शिकल्याली मानसं. बावीस वर्सं डब्यातनं काढत्यात, डबा तेवढाच ऱ्हातो. मला वाटलं, त्यास्नी ठाव आसंल."

मेहरीन डबा घेऊन ओसरीवर आली. जे कळलं ते तिने चार वाक्यांत सांगितलं. वाणाचं नाव सांगितलं, वजनही सांगितलं.

ढाकणे सरांनी डब्यात डोकावून पाहिलं. मग इनामदार सरांचा चेहरा उजळला.

"म्हणजे ढाकणे, तुमचे अकरा पेपर गेले!"

"आणि तुमचे नऊ काय आभाळातल्या ज्वारीवर होते?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बावीस वर्षांत त्यांचं प्रथमच एकमत होत होतं, आणि त्यासाठी बोलावंसुद्धा लागलं नाही.

"वहिनी," ढाकणे सरांनी आत हाक मारली, "हे बाहेर कुठे बोलू नका बरं."

"बोलते कशाला? भाकरी गार व्हायली, जेवा आदी."

इनामदार सर मेहरीनकडे वळले. आवाजात प्रथमच माया होती. "बेटा, हे तुझ्या प्रबंधात यायचं कारण नाही. नोकरी हवी आहे ना?"

हवी होती. इतकी हवी होती, की क्षणभर तिला डबा जड वाटला. यंदाचा जून तिच्या डोळ्यांपुढे आला, नवा अर्ज, नवा फोटो. मग तिने डबा खाली ठेवला, पिशवीतून प्रबंधाची प्रत काढली आणि गुडघ्यावर ठेवून पहिल्या पानावरचं शीर्षक एका सरळ रेघेने खोडलं. वर बारीक, स्वच्छ अक्षरात नवं लिहिलं. प्रत दोघांपुढे धरली.

'जामखेडच्या बाजारातील ज्वारीचे वाण : वीस वर्षांचा आढावा.'

"हे काय?" ढाकणे सर म्हणाले.

"आकडे तेच आहेत, सर," मेहरीन शांतपणे म्हणाली. "आणि तुम्हा दोघांचे वीसही पेपर मी संदर्भासाठी घेणार आहे. या विषयावर तुमच्याइतकं काम देशात कुणीच केलेलं नाही."